टिपा लिहा (कोणत्याही दोन)

टीप हा शब्द मराठीत फार जपून वापरावा लागतो. शिंप्याकडे गेलात तर तो टीप मारतो, हॉटेलात गेलात तर आपण टीप देतो, पोलिसांना कोणी टीप दिली की दुसऱ्या दिवशी धाड पडते आणि धाड पडली की घरची मंडळी टिपं गाळत बसतात. शाळेत असताना प्रश्नपत्रिकेच्या शेवटी 'टिपा लिहा (कोणत्याही दोन)' असा एक प्रश्न असायचा. मुख्य प्रश्नांनी दगा दिलेला विद्यार्थी ह्या टिपांच्या आधारानं पैलतीर गाठत असे. मी कॉमर्सचा पदवीधर झालो त्यात ह्या टिपांचा वाटा मोठा आहे. तेव्हा टिपांच्या सगळ्या जातीशीच माझं वैर आहे असं कोणी समजू नये. माझं वैर फक्त एका पोटजातीशी आहे. खेळाच्या टिपांशी.

परभणीत सल्ल्याचा दुष्काळ पडलेला मी कधी पाहिला नाही. पाऊस दडी मारतो, सल्ला बारमाही असतो. बसस्टँडसमोर उभं राहून नुसतं "यंदा सोयाबीन..." एवढंच म्हणा, वाक्य पुरं व्हायच्या आत चार माणसं चार प्रकारचं बियाणं सांगतील आणि पाचवा "सोयाबीन कायला लावायलाव, तूर लावा" म्हणून मोकळा होईल. १९७२ पासून गावात कृषी विद्यापीठ आहे, पण शेतीचा सल्ला पानटपरीवरच घ्यायचा हा आमचा बाणा. बँकेत काउंटरच्या आत बसलो म्हणून माझी सुटका होते असंही नाही. ज्याच्या खात्यात किमान शिल्लक नसते नेमका तोच मला शेअर बाजाराची टीप देऊन जातो.

हे सगळं मी मुकाट्यानं सोसत आलो. परंतु गेल्या उन्हाळ्यात हा सल्ला माझ्या बैठकीच्या खोलीत शिरला, आणि तिथंही थेट खेळात शिरला, तेव्हा मला लेखणी उचलणं भाग पडलं.

आमची कन्या दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. जूनमध्ये ती लातूरला जायची होती. मराठवाड्यातल्या वाचकांना ह्या वाक्याचा अर्थ फोडून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: आमच्याकडे मुलगी दोनदा सासरी जाते. एकदा अकरावीला लातूरला, आणि नंतर रीतसर. ह्या दोन सासरांपैकी पहिलं जास्त कडक. मधले अडीच महिने म्हणजे तिचं माहेरपण होतं आणि ते तिनं खेळण्यात घालवायचं ठरवलं. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप तिनं पुढ्यात ओढला आणि 'ओल्ड स्कूल रूनस्केप' नावाचा खेळ सुरू केला. 'स्कूल' हा शब्द ऐकून सौ. समाधानानं स्वयंपाकघरात निघून गेली. तिला वाटलं, सुट्टीतही पोरगी अभ्यासच करायली.

हा खेळ केंब्रिजच्या अँड्र्यू आणि पॉल गोवर ह्या दोघा भावांनी २००१ साली काढला. पुढे त्यात इतक्या सुधारणा झाल्या की खेळणारे वैतागले. तेव्हा २०१३ साली कंपनीनं खेळणाऱ्यांचं मतदान घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि २००७ सालची जुनी प्रत कपाटातून काढून पुन्हा चालू करण्यात आली. 'पूर्वीचं ते आता राहिलं नाही' असं कट्ट्यावर बसून म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. मतदान करून पूर्वीचं परत आणणारी ही पहिलीच. आजही खेळात काही नवीन आणायचं तर खेळणाऱ्यांची सत्तर टक्के मतं पडावी लागतात. आमच्या हाउसिंग सोसायटीत टाकीचं झाकण बदलायलासुद्धा एवढी लोकशाही नाही.

खेळ असा की, आपण एक सोंग घ्यायचं. कोणाचं? तर तलवार, कुऱ्हाड, मासे धरायची काठी, जे हाती येईल ते घेऊन जगात निघालेल्या एका फाटक्या माणसाचं. जगात राजवाडे आहेत, राक्षस आहेत, जादूगार आहेत आणि त्याच वेळी जगभरातून खेळणारी हजारो खरी माणसंही आहेत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही म्हण ज्यानं केली त्यानं हा खेळ पाहिला नव्हता. इथं पैशाचंही सोंग आहे. तसं सोंग आम्हाला नवीन नाही. २०२४ च्या वेतनकरारानं मी स्वतःच कारकून राहिलो नाही. 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो. काम तेच, खुर्ची तीच, खुर्चीचा मोडका हात तोच.

"हे फँटसीवाले खेळ बंद झालेत ना, सायेब?" आमच्या हेड कॅशियरनी मला काळजीनं विचारलं. त्यांना वाटलं, आमच्या घरावर आता धाड पडणार. वास्तविक २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून बंद केले ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. रमी, पत्ते आणि पैसे भरून क्रिकेटची टीम लावायचे ते. त्या खेळांनी काय केलं हे आम्हा काउंटरवाल्यांना कोणी सांगू नये. पासबुक छापायला मशीनमध्ये घातलं की शंभर, दोनशे, पाचशे अशी उतरंड खाली खाली छापली जायची आणि पासबुकाचा मालक मशीनकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. त्यांच्याबद्दल मला एक अक्षर चांगलं लिहायचं नाही. कन्येचा खेळ त्यातला नव्हे. तो फुकटही खेळता येतो. त्यात जाते ती फक्त वेळ नावाची वस्तू, आणि ती वस्तू परभणीत उन्हाळ्यात दुपारी एक ते पाच फुकट वाटली तरी कोणी घेत नाही.

कन्या काय खेळते ते कळावं म्हणून मीही एक सोंग घेतलं. पहिल्याच दिवशी मला त्या जगात बँक दिसली आणि माझा ऊर भरून आला. काउंटर, मागं उभे असलेले बँकर, पुढं गिऱ्हाइकांची झुंबड. बँकर नम्रपणे बोलतो. लिंक गेली म्हणत नाही. जेवायला जात नाही. ह्या बँकेत लोक पैसे तर ठेवतातच, शिवाय लाकडं, हाडं, गाईची कातडी आणि कच्चे मासेही ठेवतात. एका गावी जमा करा, दुसऱ्या गावी काढा. माल नको असेल तर मालाची चिठ्ठी मिळते, थेट आमच्या वखार महामंडळाच्या गोदामपावतीसारखी. व्याज नाही, कर्ज नाही, म्हणून थकबाकी नाही आणि मार्चअखेर नाही. निवृत्तीनंतर राहायला ह्यापेक्षा चांगलं ठिकाण माझ्या तरी माहितीत नाही.

कोणी म्हणेल की हा माणूस पोरखेळाकडे हिशेबाच्या नजरेनं बघतो. बघतोच, आणि माझ्याआधी मोठ्या माणसांनी बघितलेलं आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं २००१ साली 'एव्हरक्वेस्ट' खेळातल्या नॉरॅथ नावाच्या देशाचं दरडोई उत्पन्न काढलं, तर ते रशिया आणि बल्गेरिया ह्यांच्या मधोमध बसलं. 'ईव्ह ऑनलाइन' नावाच्या अंतराळी खेळात खेळाडूंनीच चालवलेली एक बँक होती. २००९ साली तिच्या प्रमुखानंच ठेवी लांबवल्या आणि उरलेल्या काढून घ्यायला ठेवीदारांची रीघ लागली. हे वाचून तर मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

असो. मुद्दा टिपांचा आहे.

खेळात शिरल्यावर नवख्या माणसाला पहिलं मोठं काम मिळतं ते स्वयंपाक्याचं. लुम्ब्रिज गावच्या राजवाड्यात एक आचारी हातपाय गाळून उभा असतो. ड्यूकसाहेबांचा वाढदिवस, केक करायचाय आणि घरात सामान नाही. आपण त्याला एक अंडं, एक बादली दूध आणि भांडंभर पीठ आणून द्यायचं. म्हणजे हातात तलवार घेऊन निघालेल्या वीराला पहिली कामगिरी दिली जाते ती दळण आणायची! आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागायला साक्षात विठ्ठल यायचा अशी श्रद्धा आहे. आमच्या घरी सौ. चार हाका मारते तरी गव्हाचा डबा गिरणीवर न्यायला कोणी उठत नाही. आणि इथं माझी कन्या पिठासाठी धावत सुटलेली पाहून मला तो खेळ पहिल्या मिनिटाला आवडला.

मी माझ्या सोंगाला घेऊन निघालो. आधी मला गहू कुठं आहे तेच कळेना. पूल ओलांडला तर पलीकडच्या गोब्लिननं मला ठार केलं. माझी ताकद तीन नंबरची, त्याची दोन नंबरची, तरी मेलो; बँकेच्या नोकरीत माणसाची मारामारीची सवय जाते. मेलं की पुन्हा लुम्ब्रिजमध्येच जिवंत होतो, ही सोय उत्तम आहे. मग कोंबड्यांच्या आवारात अंडं सापडलं. दूध देणारी गाय शोधताना कळपातल्या तीन गाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी गव्हाचं शेत आणि त्याच्या शेजारी पवनचक्की! वरच्या मजल्यावर जाऊन गहू टाकायचा, खटका ओढायचा, खाली येऊन पेटीतलं पीठ भांड्यात भरायचं. खटका ओढून मी खाली आलो तेव्हा ध्यानात आलं की भांडं राजवाड्यातच राहिलं. गेलो परत. ह्या सगळ्याला एक तास लागला आणि आचाऱ्याच्या हातात पीठ दिलं तेव्हा मला जो आनंद झाला तो प्रोबेशन संपून कायम झाल्याचं पत्र हातात पडलं त्या दिवशीही झाला नव्हता.

कन्येला हे काम करायला तीन मिनिटं लागली होती.

तिच्या खेळाला 'क्वेस्ट हेल्पर' नावाची एक जोडणी लावलेली होती. तिच्यात कुठं चालायचं त्याचा बाण येतो, कशाला हात लावायचा त्याच्याभोवती चौकट येते, कोणाला काय उत्तर द्यायचं तेही रंगवून दाखवलेलं असतं. आचारी बोलायला लागला की स्पेसबार दाबायचा, म्हणजे त्याचं रडगाणं भराभर पुढं सरकतं.

"कोणाचा वाढदिवस होता गं?" मी विचारलं.

"कोणाचा म्हणजे?"

"ज्याच्यासाठी पीठ आणलंस त्याचा."

"वाढदिवस होता का?" ती म्हणाली. "पप्पा, तुम्हाला एक तास कायला लागला? तुम्ही खेळायलात का सातबारा शोधायलात?"

मी हिशेबाचा माणूस आहे. तास वजा तीन मिनिटं म्हणजे सत्तावन्न मिनिटं वाचली. ही वाचलेली सत्तावन्न मिनिटं कुठल्या खात्यात जमा झाली ते शोधायला मी तिच्या शेजारी बसलो.

बार्बेरियन व्हिलेज नावाच्या गावी नदीकाठी तिचं सोंग मासे पकडत उभं होतं. ह्या खेळात पिशवीत फक्त २८ वस्तू मावतात. अठ्ठावीस मासे घ्या नाही तर अठ्ठावीस चिलखतं घ्या, पिशवीची तक्रार नाही. पिशवी भरली. आता ही मासे बँकेत नेऊन ठेवील, किंवा शेकोटीवर भाजून खाईल, अशी माझी अपेक्षा. आमच्या घरी मासा शिजत नाही, पण कमावलेल्या वस्तूचं मोल आम्हालाही कळतं. तर कन्येनं टकाटक सगळे मासे जमिनीवर टाकून दिले आणि पुन्हा पकडायला सुरुवात केली. पिशवी भरली, पुन्हा टाकले.

"अगं, टाकतेस कशाला?"

"बँकेत जायला वेळ जातो. टाकून दिले की तासाला जास्त एक्सपी मिळतो. गाईडमध्ये आहे तसं."

एक्सपी म्हणजे अनुभव. अनुभवाचे गुण. मासे टाकून द्यायचे आणि अनुभव ठेवायचा! मला हे वाक्य पचवायला रात्रीचं जेवण पुरलं नाही.

त्या एक्सपीचं गणितही ऐकण्यासारखं आहे. कुठल्याही विद्येत सर्वोच्च पायरी ९९ वी. तिला १,३०,३४,४३१ गुण लागतात. आणि ९२ व्या पायरीला किती? ६५,१७,२५३. म्हणजे ब्याण्णव पायऱ्या चढून आलेला माणूस अर्ध्या वाटेवर उभा असतो; वरच्या सात पायऱ्यांना खालच्या ब्याण्णव पायऱ्यांइतकाच घाम. दर सात पायऱ्यांना रक्कम दुप्पट. चक्रवाढ व्याज कुठं शिकवायचं असेल तर कॉमर्सच्या वर्गात शिकवू नये, ह्या नदीकाठी शिकवावं. पण ह्याचाच दुसरा अर्थ असा की, जो नव्याण्णवच्या मागं लागला त्याचा निम्मा जन्म शेवटच्या सात पायऱ्यांवर जाणार. मग तो तासाचा हिशेब करणार, तासाला किती ते सांगणारा गाईड शोधणार आणि मासे टाकणार.

नकाशात गावाच्या पलीकडे एक बर्फाचा डोंगर दिसत होता. बाहेर मे महिना होता, कूलर गरम हवा फेकत होता आणि मी तो पांढरा डोंगर बघून भान हरपलो.

"तो डोंगर कसला गं?"

"तिकडं काहीच नाही, पप्पा."

"जाऊन आलीस?"

"नाही. तिकडं एक्सपी नाही."

हे ऐकलं आणि मला राग आला. कन्येचा नव्हे. ती बिचारी सोळा वर्षांची. पहिलीपासून तिला आम्ही जे शिकवलं तेच ती करत होती. राग आला तो हे गाईड लिहिणाऱ्यांचा. त्यांच्याबद्दल मला दोन शब्द बोलायचेच आहेत.

गाईड लिहिणारा माणूस एके काळी स्वतः त्या जगात हरवला होता. तो गोब्लिनच्या हातून मेला, तो वाटा चुकला, त्यानं नको त्या गाईला बादली लावली, आणि अशा शंभर फेऱ्या मारल्यावर त्याला जवळची वाट सापडली. ती सापडताना जी मजा आली ती त्यानं एकट्यानं खाल्ली आणि उरलेली कोय पोरांच्या हातात दिली. वर पुन्हा मदत केल्याचा आव! कोणी वाढदिवसाला आपल्याला शब्दकोडं सोडवून दिलं तर आपण त्याचे आभार मानतो का? आणि हे लोक एवढ्यावर थांबत नाहीत. 'ही चूक तुम्ही करताय का?' 'पहिल्या दिवशी हे केलं नाही तर पस्तावाल!' असे मथळे लावून व्हिडिओ करतात. खेळात पस्तावायचं! अहो, पस्तावायला मला घरकर्ज आहे, बदली आहे, विमा विकायचं टार्गेट आहे. तासाला किती, दिवसाला किती, तिमाहीला किती, हे सगळे आमच्या साहेबलोकांचे प्रश्न आहेत, आणि ते विचारायचा पगार त्यांना मिळतो. सोळा वर्षांची पोर स्वतःच्या सुट्टीत स्वतःलाच तो प्रश्न विचारायला लागली, तर तिनं साहेबाची आणि कारकुनाची अशी दोन्ही कामं घेतली आणि पगार एकाचाही नाही.

आता लातूर. लातूर पॅटर्नशी माझं भांडण नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण अर्धे नातेवाईक त्याच गाडीनं पुढं गेलेत. त्या पॅटर्ननं मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची, मास्तरांची आणि माझ्यासारख्या कारकुनांची पोरं डॉक्टर केली. मोठ्या शहरांतल्या पोरांना जे घरबसल्या मिळतं ते आमच्या पोरांनी घोकून, पेपर सोडवून सोडवून मिळवलं. २०२५ पासून नीटच्या पेपरात १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट मिळत असताना 'तो डोंगर कसला' म्हणून बघत बसणं कोणालाही परवडायचं नाही. तिथं गाईड हवं, अपेक्षित प्रश्नसंच हवा, बाण हवा, चौकट हवी. पाठ करावं, पेपरात टाकून यावं, पुन्हा पाठ करावं. पण मग माझा साधा सवाल असा की, जिला दोन वर्षं नदीकाठी उभं राहून मासे पकडायचे आणि टाकायचे आहेत, तिला जायच्या आधी अडीच महिने तरी मासे भाजून खाऊ द्या ना! बाण नसलेली एकच जागा ह्या पोरांना उरली होती आणि तिथंही आपण बाण लावून ठेवले.

हा सवाल मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत टाकला. हेड कॅशियर पोळीचा घास हातात धरून थांबले. ते हरिविजय, पांडवप्रताप वाचलेले गृहस्थ आहेत.

"सायेब, अभिमन्यूचं काय झालं मग? त्याला गाईड अर्धंच मिळालं, म्हणून चक्रव्यूहात गेला की नाही?"

"त्याला पूर्ण मिळालं असतं तर?"

"तर बाहेर आला असता."

"आला असता, आणि तुम्ही आज त्याचं नाव घेतलं नसतं. आत जाऊन सुखरूप बाहेर येणारे पुष्कळ होऊन गेले, त्यातल्या एकाचं नाव सांगा बरं."

त्यांनी थोडा विचार केला. मग अर्जुनाला गाईड होतं, साक्षात श्रीकृष्ण होता, असा दुसरा डाव टाकला. मी म्हटलं, बरोबर आहे, पण त्या गाईडनं अठरा अध्याय सांगितले आणि शेवटी काय करायचं ते अर्जुनावर सोडलं. तुमच्या क्वेस्ट हेल्परसारखं धनुष्यावर चौकट काढून 'इथं क्लिक करा' म्हटलं नाही. त्यावर शिपाई म्हणाला की साहेब, एवढं असंल तर तुम्ही पोरीला लातूरला धाडूच नका. शिपाई मंडळी नेहमी मुद्द्याचं बोलतात म्हणून त्यांच्याशी वाद घालायचा नसतो.

आमच्या पूर्वजांना ही गोष्ट कळत असावी. परंपरेनं ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट घ्या. साप आहेत, शिड्या आहेत, वैकुंठापर्यंत जायचं आहे. म्हणजे जीवाचं सोंग घेऊन खेळायचा हा खेळच की. पण चाल ठरवणार कवड्या. कवड्यांना गाईड नाही. त्यांच्यापुढं बृहस्पती आणि आमचा शिपाई सारखेच. 'तासाला जास्तीत जास्त पुण्य कसं मिळवाल?' असा ग्रंथ त्यावर कोणी लिहिला असता तर एक प्रत खपली नसती. पुढं इंग्रजांनी हा खेळ उचलला, त्यातला मोक्ष गाळला आणि साप-शिडी म्हणून विकला. तरी फासा तेवढा ठेवला, हे उपकारच.

आणि आमच्या गावाचं तर सगळं तत्त्वज्ञानच ह्या बाजूचं आहे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आमच्याबद्दल लोक हसून म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जमलं तर जमलं, नाही जमलं तर आपली परभणी आहेच, चहा प्यायला परत ये. एवढा दिलासा मुंबई-पुण्यानं आजवर कोणाला दिला आहे? गोब्लिननं मारल्यावर पुन्हा लुम्ब्रिजमध्ये उठून बसवणारा हा खेळ परभणीच्या माणसानंच काढायला हवा होता. केंब्रिजवाल्यांना तो सुचला हा निव्वळ योगायोग.

आता प्रश्नपत्रिकेत प्रश्न आहेच, आणि उत्तर कोरं सोडायची मला सवय नाही, तर कोणत्याही दोन टिपा लिहितो. दोन्ही अब्रू आणि ठेव ह्यांच्या रक्षणाच्या आहेत. मजा कशी करावी ह्याची एकही नाही.

पहिली. 'ग्रँड एक्स्चेंज' म्हणून त्या जगाचा मोंढा आहे. तिथं कायम कोणी तरी ओरडत असतो की, मला पैसे द्या, दुप्पट करून देतो. पहिल्या खेपेला थोडेसे दिले तर खरंच दुप्पट करून देतो. दुसऱ्या खेपेला सगळे द्याल तेव्हा तो माणूस दिसणार नाही. त्याचाच चुलतभाऊ तुमच्या चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो म्हणतो. चिलखत हातात पडलं की काठासकट पसार. ह्या दोघांना मी ताबडतोब ओळखलं, कारण त्यांची मूळ शाखा आपल्याकडेच आहे. तिथल्या बँकेलाही पिन लावता येतो, तो लावा आणि कोणाला सांगू नका. मीच तुम्हाला फोन करून विचारला तरी सांगू नका.

दुसरी. उत्तरेला एक चर खणलेला आहे. त्याच्या पलीकडे वाइल्डरनेस, म्हणजे मोकाट रान. तिथं दुसरा खेळाडू तुम्हाला मारू शकतो, आणि मेलात तर साधारणपणे अंगावरच्या सर्वांत किमती तीन वस्तू तुमच्याजवळ राहतात, बाकी मारणाऱ्याच्या. आमच्याकडे तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला निघताना आई हातातल्या बांगड्या काढून कपाटात ठेवायला लावायची आणि जाताना पोटभर जेवायला घालायची. नेमकं तसंच करा. किमती वस्तू बँकेत, पिशवीत फक्त खायला.

ह्या दोन टिपा कन्येला मी सांगितल्या. दुसरी तिला माहीत होती. पहिली तिला अनुभवानं माहीत होती, पण त्याबद्दल ती फार बोलली नाही, म्हणून मीही फार विचारलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिची बॅग भरली. लॅपटॉप न्यायला परवानगी नव्हती, तो माझ्याकडे राहिला. निघायच्या आदल्या रात्री उशिरा बैठकीच्या खोलीत उजेड दिसला म्हणून मी डोकावलो. बाण, चौकटी, तासाचा मीटर, सगळं बंद होतं आणि तिचं सोंग नदी सोडून कुठं तरी चाललं होतं. मी काही बोललो नाही, पाणी पिऊन परत झोपलो.

पुढच्या रविवारी मी माझ्या सोंगाला घेऊन त्या बर्फाच्या डोंगरावर गेलो. वाटेत दोनदा मेलो. वर पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते आणि लाइट जायच्या बेतात होती. वर काय आहे आणि कोण राहतं ते मी इथं लिहिणारच होतो. पण ती तिसरी टीप होईल.